भगताकडे गेलेला सदरा

"बाळंतपण बायकोचं झालं, तुले कायचं दुखणं आलं बावा?" असं माझ्या थोरल्या भावानं मला विचारलं आणि स्वतःच खदखदून हसला. एवढी चौकशी करून तो जेवायला बसला.

महागावच्या बाजूच्या एका खेड्यात मी तेव्हा प्राथमिक शाळेत मास्तर होतो. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर मुलगा झाला होता, म्हणजे गावाच्या लेखी मी सुखी माणूस. या सुखी माणसाला झोप नव्हती आणि घास घशाखाली उतरत नव्हता. खरं दुखणं तर मी कोणाला सांगितलंच नव्हतं. पोराला हातात घेतलं की मनात यायचं, आता मी याला विहिरीत टाकणार. टाकायचं नव्हतं हो! जीव होता माझा त्याच्यात. पण विचार यायचा तो यायचाच, म्हणून मी पोराला उचलणंच सोडलं. बायकोला वाटलं, याला पोर नकोसं झालंय. ती बोलेनाशी झाली, आणि घर सोडून कुठंतरी निघून जावं असं माझ्या मनानं घेतलं.

त्याआधी उपाय करायला नको का? केले. मी तोंड उघडायच्या आत तालुक्याच्या डॉक्टरनं सुई उकळायला टाकली. अशक्त बाई, चक्कर येणारा म्हातारा आणि मी, तिघांना तीच सुई. "मन थाऱ्यावर नाही," म्हटलं, तर म्हणाले, "टॉनिक लिहून देतो, महाग आहे, झेपत असेल तर घ्या." झेपत नव्हतं. वैद्यानं आधी माझं धोतर पाहिलं, मग नाडी पाहिली, आणि धोतराला परवडेल असं एक चूर्ण दिलं. आमचे हेडमास्तर तर फारच विद्वान. ते म्हणाले, "विचार करू नका." अरे गृहस्था, विचार न करणं माझ्या हाती असतं तर तुझ्या दारात कशाला आलो असतो? नागपूरला मोठा दवाखाना होता, गरिबाला फुकट आहे म्हणत. पण आमच्याकडे त्याला एकच नाव, पागलखाना. तिथून आलेल्या मास्तराच्या हवाली आपली पोरं कोण करणार?

बाकीच्या गावाला निदान भगत तरी होता. आम्हाला तोही नाही. छप्पन सालानंतर आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, घरोघरचे देव टोपल्यांत भरून पैनगंगेत सोडले, आणि सगळ्यात पुढची टोपली माझ्या डोक्यावर होती. देव गेले ते बरंच झालं, आजही तेच म्हणेन. पण देव गेल्यावर त्या जागी एखादा डॉक्टर आणून बसवावा, हे कोणाला सुचलं नाही.

सासूबाई बाळंतिणीसोबत आमच्याकडे आल्या होत्या. त्यांना देव सोडणं मुळातच पटलेलं नव्हतं. मी शाळेत असताना त्यांनी दोरीवरचा माझा सदरा काढला आणि पलीकडच्या गावच्या भगताकडे नेला. रोगी यायला तयार नसला की त्याचं कापड न्यायचं, अशी जुनी रीत. भगतानं सदऱ्यावरून लिंबू उतरवलं, सदऱ्याला अंगारा लावला, सदऱ्याची बाधा काढली. सदरा अगदी ठणठणीत होऊन परत आला. मी होतो तिथंच.

अशी बातमी लपते होय? रविवारी वंदना झाल्यावर विहाराच्या झोपडीत समाजाची बैठक बसली. गुरुजीनं दीक्षेतली प्रतिज्ञा मोडली, असा आरोप. आरोप करणारा एक बंडीवाला होता. दिवसभर बैलांवर ओरडून त्याचा आवाज तसाच राहिला होता.

"मी गेलतो काय भगताकडं? सदरा गेलता," मी म्हणालो.

"सदरा आपल्या पायानं गेलता काय?" तो गरजला. "लोकायचे देव फेकत होता, अन् आपल्या घरी भगत! दंड लावा याले."

म्हाताऱ्या पंचांनी त्याला हातानंच गप्प केलं. "पन गुरुजी, सासूनं सदरा नेला कायले? तुले होते तरी काय?"

हा प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबलेलं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं. हे थांबले. मायेनं नव्हे, गुन्हा कबूल करून घ्यायला! आरोपीचं बोलणं मध्येच तोडायचं नाही असा बैठकीचा नियम होता, आणि नियमाच्या बाबतीत आमची माणसं भारी कडक. तर फुकटात झालेली माझी पहिली तपासणी ती अशी.

मी सगळं सांगून टाकलं, विहिरीसकट. बायकांच्या बाजूला बायको पोराला घेऊन बसली होती. तिनं त्याला छातीशी आवळून धरलं. मला वाटलं, संपलं आता, बायको गेली, नोकरीही गेली.

 मग बंडीवाला खाली मान घालून बोलला, आणि त्याला हळू बोलता येतं हे गावाला त्या दिवशी कळलं.

"मले इळ्याचा भेव वाटे. मोठी पोरगी जलमली तवा. इळा घराभाईर खुपसून ठेवो मी. कोनाले सांगतलं नाही आजवर."

त्याची मोठी पोरगी तेव्हा लग्नाला आली होती. इतकी वर्षं हा माणूस ओरडत होता तो कशावर, कोण जाणे.

आता कोणी पाठीवरून हात फिरवला असेल असं वाटत असेल तर विसरा. दंड लावलाच. म्हातारे पंच म्हणाले, "दर रविवारी वंदनेले पोट्ट्याले तूच उचलून आनशीन. बायको हात लावनार नाही. अन् हा बंडीवाला सोबत राहीन." मी मनातल्या मनात सगळ्या पंचांचा उद्धार केला. आजाऱ्याला ही शिक्षा! कसाई परवडले.

पुढच्या रविवारी बंडीवाला दारात हजर. बायकोनं पोराला माझ्या हातात दिलं आणि दाराची चौकट धरून उभी राहिली. वस्तीची विहीर वाटेवरच होती. ती दिसली तसं मी पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि माझी चाल मंदावली. बंडीवाला माझ्या मागून फिरून दुसऱ्या बाजूला आला, आणि विहिरीच्या आणि माझ्या मधून चालू लागला.

"जड होऊन राह्यला काय?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मंग चाल ना. वंदना सुरू होईन."