आईचा पहिला प्रश्न

मुंबई विमानतळावर शेवटच्या क्षणी आईने माझ्या बॅगेत गोरं करणारं क्रीम कोंबलं. "तिकडे ऊन नाही, जरा उजळशील," म्हणाली. पुण्यातल्या मैत्रिणींनो, तुम्हाला आठवत असेल, स्थळांसाठी केलेल्या माझ्या बायोडेटात बाबांनी 'गहूवर्णी' लिहिलं होतं. असा गहू अजून कुठे पिकलेला नाही, पण बिचारे प्रेमापोटीच खोटं बोलत होते.

मी इथे विलायतेत पीएचडीला आले. कॅरिबियन बेटांवरची फ्रेंच नाटकं आणि त्यांच्या शेजारी अमेरिकेतल्या काळ्या लेखिकांची. त्यांतल्या बायका स्वतःच्या रंगाबद्दल बोलायच्या, दुसऱ्या बाईवर जीव टाकायच्या आणि कुणाची माफी मागायच्या नाहीत. लायब्ररीत वाचताना मला घाम फुटायचा. हे सगळं माझंच होतं आणि मी आजवर कुणापाशी बोलले नव्हते.

मग सेलीन भेटली. मूळची कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटाची, इथे हॅरो या उपनगरातल्या एका शाळेत फ्रेंच शिकवते, वीकेंडला नाटकांत कामं करते. आम्ही फ्लॅट रेंटवर घेतला तेव्हा मी आईला फोनवर सरळ सांगून टाकलं, हीच माझी जोडीदार.  तिचा पहिला प्रश्न आला, "काळी आहे का गं?" बाई आहे हा मुद्दा नंतरचा! मी आधी हसले, मग खूप रडले. पुढे वर्षभर आईने सेलीनचं नाव काढलं नाही.

या समरला आई आली. मी इंग्लिशमध्ये आणलेलं एक फ्रेंच नाटक पबच्या वरच्या खोलीत होतं. सेलीन त्यात आपल्या प्रेयसीच्या केसांना तेल लावून वेण्या घालते. आई पर्स घट्ट धरून बघत होती आणि मी आईकडे. परतताना मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीत ती एकेका स्टेशनाचं नाव वाचत बसली. 

सकाळी ती गुजराती दुकानातून नारळ घेऊन आली. "हिला पूर्वेकडे तोंड करून बसव." बाबा गेल्यापासून आईने कुणाची ओटी भरली नव्हती, विधवेने भरू नये, हा तिचाच हट्ट. सेलीनला पदर कुठला, तिने हुडी पुढे ओढून धरली. आईने तिला कुंकू लावलं, ओटीत तांदूळ आणि नारळ घातला आणि वर खण ठेवला. खण पुण्याहून आणलेला होता. म्हणजे बाईसाहेब घरूनच ठरवून निघाल्या होत्या.

"दिवाळीला दोघी या," आई म्हणाली. "हिचंही माहेरच आहे ते."

आता सेलीन पुण्याला घर म्हणते. मीही पुन्हा म्हणायला लागलेय.