नायक पोळ्यांच्या वेळेला बोलतो

मी प्रेमकथा लिहिते हे आमच्या सोसायटीत बरीच वर्षं कोणाला ठाऊक नव्हतं. ते फुटलं स्वयंपाकघराच्या खिडकीमुळे. आमची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या पाइपांच्या बोळात, उघडते आणि डक्टमधून सगळ्यांचं सगळं सगळ्यांना ऐकू जातं. सकाळी पोळ्यांच्या वेळेला एक वयस्कर पुरुष "मी तुझ्याशिवाय जगू शकत नाही" असं विजेचं बिल वाचून दाखवल्यासारखं म्हणतो, त्यावर एक बाई "मग काल फोन का नाही केलास?" असं विचारते आणि लगेच कुकरची शिट्टी होते. हे काही दिवस ऐकल्यावर खालच्या मजल्यावरच्या वहिनी वाटीभर साखरेच्या निमित्ताने वर आल्या आणि चांगल्या तासभर बसल्या. पुरुष म्हणजे माझे सासरे आणि बाई म्हणजे मी, हे त्यांना पटवताना माझी पुरेवाट झाली. शेवटी एक कादंबरी भेट दिली, तेव्हा कुठे त्या साखर घेऊन गेल्या.

ही माझी कामाची पद्धत आहे. दुपारी घर रिकामं असतं तेव्हा लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते संवाद मोठ्याने म्हणून बघायचे. कानाला खोटं लागलं की कापायचं. नायिकेचं मी म्हणते, पोळ्या लाटता लाटता. नायक म्हणून आधी नवऱ्याला धरून पाहिलं. पण त्याचा जीव मुंबईच्या ऑफिसात अडकलेला. बुटाची लेस बांधत घड्याळाकडे बघत तो नायिकेला मागणी घालायचा, आणि कुठलीही शहाणी मुलगी त्याला नाहीच म्हणाली असती. मुलगी कॉलेजात जाते. तिने एक पान वाचलं, "आई, हे फार क्रिंज आहे गं," म्हणाली आणि कानात इअरफोन घालून मोकळी झाली.

उरले सासरे. सासूबाई गेल्यावर ते कोकणातलं घर बंद करून वसईला आमच्याकडे आले. आयुष्य वीज खात्यात काढलेला माणूस, बोलणं आधीच मोजकं, त्यात इथे ओळखीचं कोणी नाही. गॅलरीत बसून पेपर वाचायचे, जाहिरातींसकट. त्यांना काहीतरी काम हवं म्हणून मी एकदा मोबाइल पुढे केला, अक्षरं मोठी करून दिली आणि म्हटलं, "बाबा, एवढं वाचता का? माझे हात पिठाचे आहेत." ते वाचायला लागले आणि मग ती रीतच पडली.

पहिलं वर्षभर त्यांनी जे लिहिलंय तेच वाचलं. मग एक दिवस मध्येच थांबले. "असं कोणी बोलत नाही," म्हणाले.

"मग काय बोलतात?"

"प्रेमबिम शब्द पुरुषाच्या तोंडून निघत नाही गं. तो विचारतो, जेवलीस का."

मी खोडून तसं केलं आणि प्रसंग एकदम ताठ उभा राहिला. त्यानंतर मी निर्लज्जपणे त्यांच्याकडून नायकाची वाक्यं वसूल करायला लागले. सकाळी जवळच्या तळ्याला फेऱ्या मारून यायचे, घाम पुसत टेबलाशी बसायचे, आणि माझ्या नव्या कादंबरीचा नायक, गुरांचा डॉक्टर, कुठे अडला असेल तिथे त्याला वाट काढून द्यायचे. मला वाटायचं, मोकळ्या हवेचा गुण आहे. प्रेमाच्या बारीकसारीक खुणांवर पोट भरणारी बाई मी, माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

त्या कादंबरीत नायक नायिकेची दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये रोज वाट बघतो. त्याने तिला काय म्हणावं हे मला काही केल्या सुचेना. सासरे पाणी पिऊन म्हणाले, "लिही. 'उद्या येणार नसलात तर आजच सांगा. तुमच्या जागेवर रुमाल टाकून बसतो मी, आणि त्यापायी रोज एका नव्या माणसाशी भांडतो.'"

माझी पोळी तव्यावर करपली. मी पिठाच्या हातानेच मोबाइल ओढून ते लिहून घेतलं. सासरे खुशीत होते. कानांच्या पाळ्या लाल झालेल्या, त्यासुद्धा मला उन्हाने वाटल्या.

पुस्तक आलं आणि त्या वाक्याने उचल खाल्ली. प्रकाशकांनी ते मलपृष्ठावर टाकलं, बुकमार्कवर छापलं. मग त्यांचा फोन, की आता लेखकाने स्वतः रीलमध्ये दिसायला हवं, मागे समुद्र असेल तर उत्तम. म्हणून एका रविवारी आम्ही कळंबला गेलो. मुलगी कॅमेरामन, नवरा ड्रायव्हर आणि छत्री धरणारा. समुद्र सुंदर दिसत होता, पण मध्ये बोंबील वाळत घातलेले. जागा बदलावी तर तिथे कॉटेजवर आलेल्या लोकांचं क्रिकेट. शेवटी बोंबलांच्या रांगेसमोर उभी राहून, नाकाने श्वास न घेता, मी ते रुमालाचं वाक्य म्हटलं. लोकांना वाटलं, बाईचा आवाज भावनेने दाटून आलाय. ती रील आजवर माझ्या कुठल्याही लिखाणापेक्षा जास्त लोकांनी पाहिली आहे. सासऱ्यांना दाखवली, तर ते "हं" म्हणून गॅलरीत गेले.

मग आमच्याच भागातल्या वाचनालयाने वाचनाचा कार्यक्रम ठेवला. सासरे सकाळपासून इस्त्री करत होते. सभागृहात ते एका बाईंशेजारी बसलेले दिसले. सुती साडी, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, मांडीवर पर्स. त्या जवळच्याच सांडोर गावच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना टीचर म्हणतात, सासरेही. तळ्यावर ओळख झाल्याचं त्यांनी मला एकदा ओझरतं सांगितलं होतं. (दोघांनीही हे लिहायला परवानगी दिली आहे, नावं घालायची नाहीत या अटीवर. टीचरनी अटीखाली रेघही मारली.)

मी कॅन्टीनचा प्रसंग वाचला. रुमालाशी आले तेव्हा लोक खुलले, मागच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी मान वर केली, तर टीचर उठून दाराकडे निघाल्या होत्या. सासरे त्यांच्या मागे गेले आणि थोड्या वेळाने एकटेच परत आले. मला वाटलं, त्यांची बस असेल.

त्यानंतर घरातला नायक बसला. सासरे तळ्यावर जायचे आणि लगेच परतायचे. वाचायला दिलं तर पुन्हा विजेचं बिल. कुठे सुधारू बाबा, विचारलं तर "ठीक आहे की," म्हणायचे. एके सकाळी ते तळ्यावर गेलेच नाहीत, पेपर उघडून जाहिराती वाचत बसले. कोकणातून नवीन आले होते तेव्हा ते असेच बसायचे. मी गॅस बंद केला आणि समोर जाऊन बसले.

"टीचरशी काही झालं का?"

त्यांनी पेपरची नीट घडी घातली. मग म्हणाले, "त्यांना वाटतंय मी कॉपी केली."

हळूहळू सगळं बाहेर आलं. तळ्याकाठच्या बाकावर ते खरंच रुमाल टाकून जागा धरत. ते वाक्य त्यांनी टीचरना म्हटलं होतं, खरोखर, आणि त्याच सकाळी घरी येऊन, आनंद कुठे ठेवावा हे न कळून, मला देऊन टाकलं होतं. फक्त तेच नाही. "जेवलीस का" सोडलं तर डॉक्टरची निम्मी वाक्यं बाकावरची होती. पण टीचरना सून लेखिका आहे एवढंच माहीत. कार्यक्रमानंतर पुस्तक वाचलं, त्यात ती वाक्यं ओळीने भेटल्यावर त्यांनी सरळ हिशेब लावला, की हा गृहस्थ सुनेची वाक्यं पाठ करून आपल्याला ऐकवत होता.

"मग तुम्ही सांगितलं नाही, माझी आहेत म्हणून?"

"सांगितलं. त्या म्हणाल्या, पकडल्यावर प्रत्येक मुलगा हेच सांगतो."

मला हसू आलं आणि त्यांचा चेहरा बघून ते गिळलं. या वयात माणसाला बोलायला कोणीतरी मिळालं होतं, आणि ते आमच्या बुकमार्कमुळे जाणार होतं. मी म्हटलं, "बाबा, चप्पल घाला. आत्ता जाऊ."

रिक्षा सांडोरला वळली तशी दोन्ही बाजूंना केळी सुरू झाल्या. टीचर भावाच्या कुटुंबाबरोबर राहतात. जुनं बैठं घर, पुढे ओटी, मागे भाजीची आणि केळीची वाडी. टीचर ओटीवर पडवळ चिरत बसल्या होत्या. आम्हाला पाहून उठल्या नाहीत, पण "बसा" म्हणाल्या. सासरे फाटकापाशीच उभे राहिले.

मी आडपडदा ठेवला नाही. "टीचर, ते वाक्य माझं नाही. त्या पुस्तकात लोकांना जे जे आवडलं, त्यातलं बरंचसं माझं नाही. ते यांचं आहे, आणि यांनी ते आधी तुम्हाला म्हटलं, मग मला दिलं. कॉपी मी केली आहे."

"सासऱ्यांसाठी सून एवढं खोटं बोलू शकते," टीचर म्हणाल्या. "चांगली सून असेल तर बोलतेच."

त्यांनी विळी आडवी केली आणि माझ्याकडे बघून, शांतपणे, वर्गात सांगावं तसं सांगितलं, "हे बघा, मी लग्न केलं नाही. भावंडांचं झालं, शाळा झाली, वेळ गेली. माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण मला आयुष्यात कोणी तसं बोललं नव्हतं. ते वाक्य मी घरी येऊन कितीदा तरी आठवलं असेल. आणि तेच तुमच्या त्या कार्यक्रमात ऐकलं, लोक टाळ्या वाजवतायत. मला वाटलं, मी मूर्ख ठरले."

माझ्याजवळ दोन माणसांना भांडवण्याची आणि जुळवण्याची शंभर वाक्यं कायम तयार असतात, त्यातलं एक कामाचं नव्हतं.

टीचरनी फाटकाकडे पाहिलं. "तुमची आहेत ना? मग या इथे. आत्ता म्हणून दाखवा काहीतरी. जे पुस्तकात नाही."

फेरपरीक्षाच ती. सासरे आले, ओटीच्या कडेला बसले, गुडघ्यांवर हात ठेवून. मी मनातल्या मनात त्यांच्यासाठी वाक्यं जुळवायला लागले आणि नजरेने ती त्यांच्याकडे ढकलायला लागले. टीचरना ते लगेच दिसलं. "तुम्ही दुसरीकडे बघा," त्यांनी मला दटावलं. मी पडवळाकडे बघत बसले.

आत कोणीतरी मिक्सर लावला, बंद केला. एखाद्या नायकासाठी मी अशी कधीच घाबरले नव्हते.

"मला काही सुचत नाहीये," सासरे अखेर म्हणाले. "तिथे सुचायचं, कारण आधी तुम्ही काहीतरी बोलायचात. तुम्ही बोलायच्या थांबलात, आता मला कुठून सुचणार?"

टीचरनी हातातलं पडवळ ताटात ठेवलं. साडीच्या पदराला हात पुसले, दोन्ही, सावकाश. सासऱ्यांकडे बघितलं नाही. माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही जरा मागे वाडीत जाऊन या. केळफुलं काढून ठेवलीत, हवी तेवढी घ्या."

मी उठले. ज्या प्रसंगासाठी मी आयुष्यभर कागदावर झटापट करत आले, तो आत्ता माझ्या डोळ्यांसमोर सुरू होणार होता, आणि मला वर्गाबाहेर काढलं होतं.

केळींमध्ये गार होतं आणि डास भरपूर. तिथून ओटी दिसत नव्हती. बोलण्याचा आवाज येत होता, शब्द येत नव्हते. दोन पावलं पुढे झाले असते तर आले असते. मी केळफुलं उचलली, दोन पुरे होती तर पाच घेतली, आणि त्यांच्या चिकाने ब्लाउजची बाही खराब करून घेतली. मध्येच टीचर काहीतरी बोलल्या आणि सासरे हसले. त्यांना असं हसताना मी आमच्या घरात कधी ऐकलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले, आणि हात केळफुलांत अडकल्यामुळे पुसताही येईनात.

हाक येईपर्यंत मी परत गेले नाही.