एककल्ली गाभा

जड बॉल घरंगळवून पिना पाडायच्या बोलिंगच्या हॉलमध्ये लहानथोर सगळे तिला वहिनीच म्हणत. खरी वहिनी ती एकट्या धाकट्या दिराची. पण त्याच्या तोंडून ऐकून ऐकून ते नाव सगळ्यांच्याच जिभेवर बसलं होतं. भाड्याच्या बुटांच्या खिडकीशेजारी तिचं चिंचोळं दुकान होतं. तिथे ती खेळाडूंच्या हाताच्या मापाने बॉलला भोकं पाडून द्यायची. दुकान मूळ नवऱ्याचं. त्याच्या हातांना कंप सुटला तेव्हा मशीन तिने हाती घेतलं. सुरुवातीला तो शेजारी उभा राहून सांगायचा आणि ती करायची. पुढे सांगायचीही गरज उरली नाही, मग तो बुटांच्या खिडकीत बसून गिऱ्हाइकांची थट्टा करू लागला.

भोकं तीनच. दोन बोटांची आणि एक अंगठ्याचं. पण बॉलच्या पोटात एक जड गाभा असतो, आणि खरी मेख तिथे असते. काही बॉलचा गाभा चहूबाजूंनी सारखा असतो. असा बॉल हातातून थोडा वेडावाकडा सुटला तरी शहाण्यासारखा हळूहळू वळत जातो. काहींचा गाभा एका अंगाला जास्त जड. तो बॉल तेलकट लेनवरून सरळ घसरत जातो आणि शेवटच्या टप्प्यात एकदम वळून पिनांवर झेप घेतो. हात नेमका पडला तर दहाच्या दहा पिना आडव्या, जरा चुकला तर बॉल भलतीकडेच. नवऱ्याने पहिल्या जातीला ‘गुणी’ आणि दुसरीला ‘एककल्ली’ अशी नावं ठेवली होती आणि हॉलमध्ये ती रूढही झाली होती.

स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी सकाळी दिराने उपांत्य सामना जिंकला, पण त्याचा जुना गुणी बॉल परत आला तो अंगठ्याच्या भोकापासून तडकूनच. अंतिम सामना दुपारी होता. दीर तरातरा दुकानात शिरला, फळीवरचा नवाकोरा एककल्ली बॉल उचलून त्याने टेबलावर ठेवला.

“वहिनी, हा पाडून द्या.”

“भाऊजी, आजवर कधी हातात धरला नाहीत, आणि आजच?”

“समोरचा हाच खेळतोय. पिना कशा उडवतो बघितलंत ना? मी काय गुणी बॉल घेऊन त्याच्यासाठी टाळ्या वाजवू? दादा, तू तरी सांग!”

खिडकीतून नवरा म्हणाला, “खेळणार तो आहे. त्याला हवा तो दे.”

वहिनीने बॉलवर पेन्सिलीने खुणा केल्या. मग मापाच्या ठोकळ्यात दिराचा अंगठा घालायला सांगितला. त्याच्या नेहमीच्या मापात तो शिरेना. तिने मनगट धरून जरा वळवलं, तसा तो कळवळला.

“हे काय?”

“हळू बोला. परवा जिन्यावरून घसरलो. दादाला कळू देऊ नका.” तो खाली वाकला. “मनगट वळतच नाही हो. म्हणून तर आपणहून वळणारा बॉल हवाय.”

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण दुखरा हात दरवेळी निराळा सुटणार, आणि एककल्ली बॉल ती प्रत्येक चूक दुपटीने वाढवणार. त्याला आवरायला दीर मनगटाला हिसके देणार. तिने बॉल मशीनमध्ये आवळला. पाडलेलं भोक पुन्हा बुजवायचं तर दिवस लागतो. पंच सामन्याआधी नवा बॉल तपासणार होते, आणि घड्याळ काही थांबत नव्हतं. ड्रिल गरगरू लागलं, तिने दांडा खाली आणला. टोक खुणेला टेकणार इतक्यात तिने मशीन बंद केलं.

“हा मी पाडणार नाही. गुणी देते.”

“वहिनी, दुकान दादाचं आहे.” दिराचा आवाज चढला होता.

तिच्या कानशिलात मारल्यासारखं झालं. ती काही बोलणार तोच नवरा दारात दिसला. मशीन मध्येच थांबलेलं त्याला तिथून कळलं असावं. त्याने पुढे येऊन भावाचं सुजलेलं मनगट आपल्या थरथरत्या हातात घेतलं.

“माझंही मी लपवलं होतं,” तो म्हणाला. “एकाचा बॉल वाया घालवला तेव्हा जगाला कळलं. खेळ, मी नाही म्हणत नाही. पण ती देईल तोच बॉल.”

दिराने अंगठा पुन्हा ठोकळ्यात घातला. वहिनीने गुणी बॉलला भोकं पाडली. पावडर उडून तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या, त्या पुसायलाही तिला फुरसत नव्हती.

सामना शेवटपर्यंत कोणाचा ते कळत नव्हतं. वहिनी लेनच्या मागे उभी राहून पदराचं टोक पिळत होती. दर वेळी बॉल सुटला की दिराचा जबडा आवळायचा. शेवटच्या फेरीत सगळ्या पिना पडायला हव्या होत्या. बॉल बेताने वळत गेला, पिना कोसळल्या, कोपऱ्यातली एक डगमगली, डगमगली आणि उभीच राहिली. दीर बूटही न बदलता निघून गेला.

“एककल्ली असता तर ती पिन पडली असती,” कोणीतरी तिला ऐकू जाईल असं बोललं. पडली असती की नसती, तिलाही ठाऊक नव्हतं.

दिराच्या मनगटाचं लहानसं हाड चिरलं होतं. प्लास्टर झालं, पण दीर दुकानाकडे फिरकला नाही. घरी तिघं एकाच टेबलाशी जेवत, पण तो भाजीसुद्धा दादाकडून मागून घेई. नवरा म्हणाला, “बोलेल गं.” ती म्हणाली, “नाही बोलला तरी मी तेच केलं असतं.” आणि ताट उचलून उठली.

मग एका सकाळी तो दुकानात आला. प्लास्टर पाठीमागे लपवत त्याने डावा पंजा तिच्यासमोर पसरला.

“ह्याचं माप घ्या, वहिनी. आणि त्या दिवशी मी जे बोललो...”

“बोटं ताठ धरा,” ती म्हणाली.

संध्याकाळी त्याने डाव्या हाताने पहिला बॉल टाकला. तो दोन पावलांतच कडेच्या चरात जाऊन पडला. बुटांच्या खिडकीतून नवरा एवढ्या मोठ्याने हसला की शेजारच्या लेनवरचा खेळही थांबला. मग दीर हसला, आणि बऱ्याच दिवसांनी वहिनीलाही हसू आवरेना.