फुकटच्या पुस्तकावरची अट

हर्षा खोब्रागडे बाई कुरखेड्याच्या पुढे, जंगलातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. मी शेजारच्या गावात मास्तर. पहिलीतल्या पोरांना येते घरची गोंडी आणि सरकारी पुस्तक मराठीत. वर्षभर पोरं भिंतीकडे बघत बसायची. बाईंना ते बघवेना. सात वर्षं त्या म्हाताऱ्या बुधरीबाईच्या अंगणात बसून तिच्या गोष्टी उतरवून घेत राहिल्या. त्यातून गोंडी आणि मराठी समोरासमोर असलेलं पुस्तक झालं. मी एका शब्दाचीही मदत केली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मग शहाणे आले. नागपूरच्या एका संस्थेनं कार्यशाळा घेतली. पुस्तक सर्वांसाठी खुलं करून नेटवर टाकायचं, पण परवान्यात एक अट: व्यावसायिक वापरास मनाई. "आदिवासींचं ज्ञान विकलं जाता कामा नये," तिथले अतुल सर गहिवरून म्हणाले. एसी हॉलमध्ये गहिवर लवकर येतो. बाईंनी भारावून त्या चौकटीत खूण केली. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

पुस्तक खुलं झालं आणि गावात पोचलंच नाही. रेंजसाठी टेकडी चढावी लागते. पहिलीतली पोरं काय टेकडीवर बसून वाचणार? कुरखेड्याचा पोचू नावाचा झेरॉक्सवाला म्हणाला, "मॅडम, मी छापतो अन् बाजारात इकतो. फुकट नाई जमत मले." बाईंनी सरळपणे संस्थेला विचारलं. उत्तर आलं, विक्री म्हणजे व्यावसायिक वापर, सबब नाही. ज्याच्या दुकानाला धड शटर नाही, तो पोचू भांडवलदार ठरला. संस्था स्वतः छापणार का? तर निधी नव्हता. तो कार्यशाळेत जेवून संपला होता.

पुस्तक बाईंचं, अट काढायचा हक्कही त्यांचाच. पण त्या धास्तावल्या होत्या. उद्या एखाद्या कंपनीनं छापून नफा खाल्ला तर बुधरीबाईला काय तोंड दाखवायचं? शेवटी त्यांनी तिलाच विचारलं. ती मोहफुलं वाळत घालत होती.

"बाई, औषध आमी इकत नाई. इकलं का त्याचा गुण जाते. मोह इकतो, त्याचा नाई जात," ती म्हणाली. "माह्या गोष्टी मोह हायेत. पडल्या तं येचाव्या, नाईतं डुकरं खातेत."

आमच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेत एवढं शहाणं वाक्य कोणी बोललं नव्हतं. बाईंनी अट काढली, फक्त बुधरीबाईचं आणि आपलं नाव छापायला हवं एवढंच ठेवलं. पोचूनं छापलं. आयाबाया बाजारातून मिठामिरचीबरोबर पुस्तक नेऊ लागल्या आणि पोरं वाचू लागली.

वर्षभरानं शहरातल्या एका प्रकाशनानं तेच पुस्तक गुळगुळीत कागदावर काढलं. आम्ही मीटिंगला कुरखेड्यात होतो, तेव्हा अतुल सरांचा फोन आला; बाईंनी तो स्पीकरवर टाकला. आवाजात आनंद मावत नव्हता. "सांगितलं होतं ना मॅडम? ते लोक तुमच्यावर कमावताहेत."

"कमावू द्या," बाई म्हणाल्या. "पोचू बी कमावते, त्याच्या पुस्तकावर पोरं वाचून राह्यली. तुमच्या अटीनं एक तरी पोरगं वाचाले शिकलं का, सर?"

मग सरांनी विचारलं, पुढच्या कार्यशाळेत हा अनुभव मांडाल का?

"नाई," बाई म्हणाल्या. "कोणत्या बी दिवशी ठेवा, माही शाळा हाये."