अवेळी घातलेला पकवा

तीस-एकतीस सालची गोष्ट. चाळिशी उलटली आणि माझं अंग असं सुटलं की माळ्याचा जिना चढले तरी धाप लागे. डॉक्टर म्हणाले, रोज फिरायला जा. सांगायला त्यांचं काय जातं? आमच्या अलिबागेत तेव्हा घरंदाज बाईनं बिनकामाचं फिरणं म्हणजे गावाला विषय देणं. जो भेटेल तो विचारणार, कुठं निघालात? म्हणून मी हातात विरजणाची वाटी धरून निघे. वाटी दिसली की कोणी काही विचारत नसे. पण ज्या घरी विरजण मागायचं तिथं बसावं लागे, बसलं की चहा, आणि चहाबरोबर पोहे. महिन्याभरात अंग आणखीनच भरलं आणि घरात दह्याला कोणी विचारीना.

हे हसण्यावारी नेलं असतं, पण माझा जीव उरणात अडकला होता. तिथं दिलेली लेक दुसऱ्यांदा गरोदर होती. पहिलं मूल माझ्याकडे झालं आणि बारशाआधीच गेलं, म्हणून या खेपेला सासरच्यांनी तिला माहेरी धाडलं नाही. सातव्या महिन्यात मीच तिला बघायला निघाले. खाडीपलीकडे उरणला जायचा मचवा रेवसच्या धक्क्यावरून सुटे, आणि तिथं ओहोटी होती. मचवा लांब उभा, मधे नुसता चिखल. अशा वेळी खलाशी बायकांना खांद्यावर घेऊन मचव्यात नेऊन बसवत. मला ज्यानं उचललं तो चार पावलांत मांडीपर्यंत रुतला.

"वयनी, भरतीला यायचं व्हतं," तो काकुळतीनं म्हणाला.

अख्खा धक्का हसला. मी तशीच घरी परतले. काही दिवसांनी लेकीचा निरोप आला, तू जवळ असलीस की मला भीती वाटत नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मला माझ्या देहाची भयंकर चीड आली.

त्यानंतर एका जागी बसवेना. घासलेली भांडी पुन्हा घासायची, निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायचे. अशीच एका दुपारी भाकऱ्या थापताना मंगळागौरीचं गाणं तोंडात आलं, चौलला माहेरी म्हणत असू ते. पाय आपोआप हलायला लागले. तरुणपणी फुगडीत मला कोणी हरवत नसे. बाकीच्या भिंतीला टेकल्या तरी माझा पकवा चालूच, म्हणजे फुगडी घालताना तोंडानं फू-फू करून धरतात तो ठेका. मी माजघराचं दार ओढलं, कासोटा घट्ट केला आणि उकिडवी होऊन बसफुगडी सुरू केली. दोनदा पाय फेकले आणि जमिनीवर बसकण मारली. तरी गाणं संपायच्या आत पुन्हा उठले. डॉक्टरांच्या फिरण्यात मी म्हातारी असे, या गाण्यात अजून परकरी पोर होते.

भर मार्गशीर्षात पकवा ऐकून धाकटी जाऊ अंगारा घेऊन धावली. मंगळागौर श्रावणातली, तीही नव्या नवरीची. तिला वाटलं, मला बाहेरची बाधा झाली. अंगारा माझ्या कपाळाला फासून झाल्यावर तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पदर खोचला. एकटीनं कसली फुगडी, म्हणाली. जाऊ म्हणजे नुसती काडी. पहिल्याच गिरकीत ती तांदळाच्या कणगीवर जाऊन आदळली. मग मी कमी रेलायचं, तिनं जास्त, असं ठरलं. पुरुषमाणसं कचेरीत गेली की रोज आमचा खेळ चाले. वजन किती उतरलं देव जाणे, चोळी काही सैल झाली नाही. धाप मात्र उशिरा लागू लागली. पण गाणं थांबलं की लगेच उरण आठवे.

एका सकाळी निरोप आला, कळा सुरू झाल्या. जाऊला घेऊन निघाले. रेवसला पुन्हा ओहोटी आणि पुन्हा तोच खलाशी. त्यानं मला ओळखलं आणि खाली बघत म्हणाला, भरती दुपारी हाय, तवर बसा.

मी लुगडं वर खोचलं आणि चिखलात उतरले. मधोमध दोघींचेही पाय रुतले. तेव्हा फुगडीसारखे हात एकमेकींत अडकवले. एकीनं मागं रेलायचं, दुसरीनं पाय उपसायचा, आणि तोंडानं पकवा. धक्क्यावर कोणी हसत होतं की नाही, मी वळून पाहिलं नाही.

लेकीच्या घरी पोचले, चिखलाचे पाय धुतले आणि आत गेले. ती दातांवर दात रोवून श्वास कोंडून पडली होती. श्वास सोड, श्वास सोड, असं सांगून सुईण थकली होती. पहिल्या मुलाची सगळी भीती लेकीच्या डोळ्यांत होती. मी समोर बसले आणि तिचे दोन्ही हात फुगडीसारखे हातांत अडकवून घेतले.

"घाल पकवा," मी म्हटलं.

तिला आधी कळेना. मीच सुरू केला. जरा वेळानं तिचा श्वास सुटला आणि माझ्या ठेक्यात येऊन मिळाला.

रेवसला भरतीची वाट बघत बसले असते, तर ज्या वेळी मचव्यात पाऊल टाकलं असतं, त्या वेळी नात माझ्या मांडीवर रडत होती.