उंडीचं तेल

बाबांचा डावा पाय सुजला, तेव्हा सगळ्यांनी सुपारीच्या बागेला दोष दिला. साठी उलटली तरी माणूस पोफळीवर स्वतः चढायचा, मग पाय सुजणार नाही तर काय! आईने उंडीचं तेल कोमट केलं. आमच्या किनाऱ्यावर हातपाय दुखले की दुसरं काही कोणी विचारतच नाही. रोज संध्याकाळी पडवीत बसून ती त्यांची पोटरी चोळायची आणि बाबा डोळे मिटून घ्यायचे.

एका सकाळी त्यांना श्वासच घेता येईना. अलिबागला नेलं. पायात रक्ताची गुठळी झाली होती आणि तिचा तुकडा फुप्फुसात गेला होता. गुठळी कशाने झाली ते शोधताना स्वादुपिंडाचा कॅन्सर सापडला. या कॅन्सरमध्ये रक्त गोठतं, पायाची सूज हीच त्याची पहिली खूण होती, असं डॉक्टर म्हणाले. पोट एकदाही दुखलं नव्हतं. मेलं दुखलं असतं तर काय बिघडलं असतं!

“पाय कोणी चोळला होता का?” डॉक्टरांनी विचारलं. “चोळल्याने गुठळी सुटू शकते.”

आई खाटेशीच उभी होती. बाबांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. “छे! मी कोणाला हातसुद्धा लावू दिला नाही.”

खोटं बोललो की आम्हाला बडवणारा माणूस!

महिन्याभरात बाबा गेले. आता आईचे गुडघे दुखतात. मी तेलाची बाटली घेऊन बसले की ती पाय साडीखाली ओढून घेते.

“दुखू दे,” म्हणते.