उजव्या बाजूची चकाकी

गुरुवार, १४ मार्च २०२४. सकाळी नळाला पाणी आले. पाव आला नाही. रेमिहिओ आज नातीला विमानतळावर सोडून आला.

रेमिहिओ आमचा शेजारी. हवानातल्या लोकांच्या जुन्या मोटारी रंगवण्यात त्याचा जन्म गेला, पण त्याची स्वतःची १९५३ची शेवरोले गल्लीत सर्वांत विद्रूप. टंचाईच्या वर्षांत मोटारीचा रंग मिळेना. गंज चढू नये म्हणून त्याने बोटींचा निळा रंग भिंतीच्या ब्रशाने तिला फासला. तेव्हा सगळ्यांनीच तसे केले. नंतर तो रंग तडकला, फुगला, ठिकठिकाणी पोपडे निघाले.

नात लिस्दे मे महिन्यात पंधरा वर्षांची होणार होती. त्या दिवशी मुलीने लांब झगा घालून, चकचकीत मोटारीतून समुद्राकाठच्या रस्त्याने मिरवायचे असते. "भाड्याची गुलाबी मोटार मला नको," ती म्हणाली. "आजोबांचीच हवी."

मग रेमिहिओ ओला पॉलिशपेपर घेऊन बसला. निळ्याखाली कारखान्यातला मूळ हिरवा रंग होता. हात जरा जड पडला तर तोही निघून पत्रा उघडा पडायचा. म्हणून तो थोडे घासायचा आणि बोटांनी चाचपायचा. शेवटची चकाकी दात घासायच्या पेस्टने आणायची, ही इथली रीत. गल्लीभर पेस्ट मागायला निघालेला तो माझ्याकडे आला.

"एल्विराबाई, पेस्ट आहे का?"

"दात उरलेत किती माझे, नाही म्हणायला?"

"म्हणून तर आधी तुमच्याकडे आलो."

मी ट्यूब दिली. त्याच आठवड्यात त्याची मुलगी मिरेल्दा आणि लिस्दे या मायलेकींचे परदेशी जाण्याचे कागद आले.

"मेपर्यंत थांब ना," तो म्हणाला.

"बाबा, कागद वाढदिवसासाठी थांबत नाहीत."

त्यानंतर तो अंधार पडेपर्यंत घासत राहायचा. तरी आज सकाळपर्यंत उजवी बाजूच झाली. लिस्दे प्रवासाच्या कपड्यांत बाहेर आली आणि मोटारीभोवती फिरली.

"आजोबा, अर्धीच?"

"उजवीकडून बघ. पूर्ण आहे."

"मग समुद्राकाठाने न्या."

"अगं, विमानतळ उलट्या बाजूला आहे," मिरेल्दा म्हणाली.

"माझ्या मोटारीला ठाऊक आहे कुठे जायचं ते," असे म्हणून रेमिहिओने उजवीकडचे, चालवणाऱ्याच्या शेजारचे, पुढचे दार उघडून लिस्देला बसवले.

मी कोपऱ्यापर्यंत गेले. मोटार वळून समुद्राकाठाला लागली, तशी चकाकणारी बाजू पाण्याकडे गेली. रस्त्यावरच्या लोकांना निळे पोपडेच दिसले असतील. लिस्देने हात बाहेर काढून दारावर ठेवला होता.

दुपारी तो एकटा परत आला.

"डावी बाजू कधी करणार?" मी विचारले.

"कुणासाठी?" तो म्हणाला. बादलीतले फडके पिळून त्याने दोरीवर टाकले आणि तो आत गेला.

रात्री मिठाने दात घासले. घरात पेस्ट नाही.